नदीचा रिपोर्ट येतो, हिशेब येत नाही

पर्यावरणशास्त्र, रसायनशास्त्र किंवा प्राणिशास्त्रात पीएच.डी. करायचं ठरवलंत, की एक विषय तुमच्यापुढे हमखास येतो: 'अमुक नदीच्या पाण्याच्या भौतिक-रासायनिक गुणधर्मांचा अभ्यास'. नदीचं नाव बदलतं, बाकी सगळं तेच राहतं. सीनियर सांगतात, "सेफ टॉपिक आहे, घेऊन टाक." गाईडचीही सहसा हरकत नसते, कारण लागणारी उपकरणं विभागात आधीच असतात.

आजची पोस्ट या साच्यावर टीका करणारी आहे. पेटची तयारी करणाऱ्यांनी आणि सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांनी ती वाचावी, असं वाटतं. माझं म्हणणं थोडक्यात असं: या साच्यातून पाण्यात काय किती आहे ते कळतं, पण ते आलं कुठून, किती आलं आणि गेलं कुठे, हे कळत नाही. नायट्रोजन आणि फॉस्फरसच्या बाबतीत तर खरा प्रश्न तोच असतो.

उदाहरण म्हणून दोंडाईचा घेऊ. शिंदखेडा तालुक्यातलं, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं, मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं हे गाव. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ४७ हजार. गावाजवळून अमरावती नदी वाहते (विदर्भातल्या शहराशी हिचा संबंध नाही). वरच्या बाजूला मालपूरला तिच्यावर धरण आहे आणि पुढे ती तापीला मिळते. खानदेशातल्या कितीतरी गावांची गोष्ट अशीच आहे: पाऊस कमी, वर बंधारा किंवा धरण, मध्ये गाव, खाली मोठी नदी.

साचा कसा असतो?

तीन ठिकाणं ठरतात. एस-१ गावाच्या वर, एस-२ गावात, एस-३ गावाच्या खाली. महिन्यातून एकदा, सकाळी दहा-अकराच्या सुमारास बाटल्या भरायच्या. सामू म्हणजे पीएच, विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी, क्लोराइड, कठीणपणा, नायट्रेट, फॉस्फेट वगैरे तपासायचं. दोन वर्षांनी उन्हाळा-पावसाळा-हिवाळा अशा सरासऱ्या काढायच्या, सहसंबंधाचा तक्ता जोडायचा, एक निर्देशांक काढायचा. निष्कर्ष: 'शहरी सांडपाण्यामुळे नदी प्रदूषित झाली असून लोकजागृतीची गरज आहे.'

हा निष्कर्ष चुकीचा नाही. पण तो पुलावर उभं राहिलेल्या कुणालाही नाकानेच कळतो. त्यासाठी दोन वर्षं आणि शेकडो टायट्रेशन कशाला?

पहिला आक्षेप: विसर्ग कुठे आहे?

धरणाचे दरवाजे उघडले की पेपरात 'इतका क्युसेक विसर्ग' असं छापून येतं. हाच विसर्ग, म्हणजे सेकंदाला किती पाणी वाहतंय हा आकडा, आपल्या तक्त्यांत बहुधा नसतो. तो नसेल तर नायट्रेट-फॉस्फेटचे आकडे अर्धेच राहतात.

एक साधं गणित करून बघा. आकडे समजण्यापुरते घेतलेत. उन्हाळ्यात नाल्यात सेकंदाला २० लिटर पाणी वाहतंय आणि त्यात नायट्रोजन ३० मिग्रॅ प्रतिलिटर आहे. दिवसाला किती गेलं? सुमारे ५२ किलो. आता पावसाळ्यात सेकंदाला ५,००० लिटर पाणी आहे आणि नायट्रोजन फक्त ३ मिग्रॅ प्रतिलिटर. दिवसाला १,२९६ किलो. तक्त्यात पावसाळ्याचा आकडा दहा पटींनी 'चांगला' दिसतो, पण त्याच दिवसात तापीकडे पंचवीस पट नायट्रोजन गेलं.

'पावसाळ्यात पाण्याची गुणवत्ता सुधारते' हे वाक्य तुम्ही बऱ्याच प्रबंधांत वाचाल. पाणी पातळ झालं, एवढाच त्याचा अर्थ. काठावर पाणी पिणाऱ्या जनावराच्या दृष्टीने ते सुधारलं असेल; खाली ज्या साठ्यात ते जाऊन पडतं, त्याच्या दृष्टीने तो महिना सगळ्यात जड असू शकतो. तापीवर सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे बॅरेज आहेत आणि पुढे गुजरातेत उकाईचं धरण आहे. वाहत्या पाण्यात फॉस्फरस फारसा त्रास देत नाही. पाणी अडलं, संथ झालं, ऊन मिळालं, की त्याच फॉस्फरसवर शेवाळ आणि जलपर्णी माजते. म्हणून प्रमाणासोबत भार काढायला हवा. भार म्हणजे प्रमाण गुणिले विसर्ग. बस.

"पण विसर्ग मोजायला यंत्र कुठून आणायचं?" हा प्रश्न येणारच. टेप, काठी, घड्याळ आणि एक लिंबू पुरतं. सरळ, स्वच्छ असा दहा मीटरचा पट्टा निवडा. रुंदी मोजा, चार-पाच ठिकाणी खोली मोजा, छेदाचं क्षेत्रफळ काढा. लिंबू सोडून वेळ मोजा, असं पाच वेळा करा. पृष्ठभागाचा वेग सरासरीपेक्षा जास्त असतो, म्हणून त्याला साधारण ०.८५ ने गुणतात. यात त्रुटी राहते, ती प्रबंधात लिहा. त्रुटी सांगून दिलेला आकडा नसलेल्या आकड्यापेक्षा केव्हाही चांगला. पुराच्या दिवशी मात्र पाण्यात उतरू नका. पुलावरून जमेल तेवढंच करा.

भार काढला की दुसरी एक तपासणी शक्य होते. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. माणसाच्या आहारात रोज ६० ग्रॅम प्रथिनं धरली, तर ९.६ ग्रॅम नायट्रोजन झालं आणि मोठ्या माणसाच्या शरीरातून ते जवळपास सगळं बाहेर पडतं. ४७ हजार माणसांचं मिळून दिवसाला सुमारे ४५० किलो. ही गावाकडून येऊ शकणाऱ्या मानवी नायट्रोजनची ढोबळ वरची मर्यादा. तुम्ही नाल्यात ६० किलो मोजलंत, तर उरलेलं कुठे आहे? सेप्टिक टँकमध्ये? जमिनीत मुरून विहिरींत? की दुसऱ्या नाल्यात, जिथे तुम्ही गेलाच नाहीत? बघा, एका गुणाकाराने संशोधनाचा प्रश्न तयार झाला.

दुसरा आक्षेप: 'कमी झालं' म्हणजे काय झालं?

एस-२ ला अमोनिया-नायट्रोजन ३०, एस-३ ला १८. साच्यातलं वाक्य ठरलेलं असतं: 'नदीच्या स्वयंशुद्धीकरणामुळे प्रमाण घटले.' जरा थांबा. घट होण्याची निदान चार कारणं असू शकतात.

एक, मध्ये दुसरं पाणी मिळालं आणि सगळं पातळ झालं. दोन, जिवाणूंनी अमोनियाचं नायट्रेट केलं. नायट्रोजन तिथेच आहे, फक्त कपडे बदललेत. तीन, शेवाळ आणि वनस्पतींनी ते खाल्लं. ते कुजले की परत येणार. चार, ऑक्सिजन नसलेल्या गाळात जिवाणूंनी नायट्रेटचं नायट्रोजन वायूत रूपांतर केलं. याला विनायट्रीकरण म्हणतात. नदीतून नायट्रोजन कायमचं जातं ते मुख्यतः या चौथ्या वाटेने. 'स्वयंशुद्धीकरण' हा शब्द या चौघांना एकाच पोत्यात कोंबतो.

यातली पहिली शक्यता वेगळी काढायला महागडं काही लागत नाही. क्लोराइड लागतं, आणि ते तुम्ही सिल्व्हर नायट्रेटने मोजतच असता. क्लोराइडला शेवाळ फारसं खात नाही, त्याचा वायू होत नाही, ते पाण्यासोबत वाहत राहतं. समजा एस-२ ला क्लोराइड १५० आणि एस-३ ला ९० आहे. नायट्रोजन ३० चं १८ झालं, क्लोराइड १५० चं ९०. गुणोत्तर दोन्हीकडे ०.२. म्हणजे बाकी काही घडल्याची खूण नाही, पाणी मिसळलं. पण क्लोराइड १५० चं १५०च राहिलं आणि अमोनिया १८ वर आला, तर खरंच काहीतरी घडलंय. मग नायट्रेट आणि नायट्राइट किती वाढलं ते बघा. जेवढं कमी झालं तेवढंच वाढलं असेल, तर ते दुसरं कारण. न वाढता गायब झालं, तर तिसरं किंवा चौथं.

आपल्या भागात एक खबरदारी घ्यावी लागेल. मिसळणाऱ्या पाण्यात, म्हणजे विहिरीच्या किंवा शेतातून झिरपणाऱ्या पाण्यात, स्वतःचं क्लोराइड असतं. म्युरेट ऑफ पोटॅश हे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइडच. त्यामुळे काठच्या दोन-तीन विहिरींचं क्लोराइड आणि नायट्रेटही मोजा आणि तेवढी दुरुस्ती करा.

जाता जाता एककांबद्दल. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, नायट्रेटची मर्यादा ४५ मिग्रॅ प्रतिलिटर आहे आणि अमेरिकेत ती १० आहे. म्हणजे अमेरिकेचा नियम चौपट कडक? नाही. आपला आकडा नायट्रेटच्या रूपात आहे, त्यांचा नायट्रोजनच्या रूपात. ४५ ला ४.४३ ने भागा, १० च्या आसपास येतं. फॉस्फेट आणि फॉस्फरस यांत असाच ३.०७ चा फरक आहे. पेपर वाचताना आकड्यापुढे 'कशाच्या रूपात' हे लिहिलेलं नसेल, तर तो आकडा तुलनेला घेऊ नका. आणि निळा रंग आणून मोजतात ते नेहमीचं फॉस्फेट म्हणजे एकूण फॉस्फरस नव्हे. काळ्या मातीने गढूळ झालेल्या पुरात बराच फॉस्फरस मातीच्या कणांना चिकटून जातो. पाणी गाळून घेतलंत की तो गाळणीच्या कागदावरच राहतो.

तिसरा आक्षेप: घड्याळ

सकाळी दहा वाजता नमुना घेणं आपल्या सोयीचं असतं, कारण एसटी आणि प्रयोगशाळा दोन्हींच्या वेळा त्यात बसतात. पण पोषकद्रव्यांनी भरलेला, उन्हात उघडा पडलेला नाला दिवसभरात बदलत असतो. दुपारी शेवाळ ऑक्सिजन सोडतं आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, म्हणून सामू वाढतो. रात्री सगळेच श्वास घेतात, म्हणून पहाटे ऑक्सिजन तळाला जातो. दहाचा आकडा या दोन्ही टोकांच्या मधला असतो.

याचा परिणाम किती मोठा असू शकतो ते बघा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात 'ड' वर्ग, म्हणजे मत्स्यपालन आणि वन्यजीवांसाठीचं पाणी, यात मुक्त अमोनियाची मर्यादा नायट्रोजनच्या रूपात १.२ मिग्रॅ प्रतिलिटर आहे. एकूण अमोनियापैकी मुक्त किती, हे सामू आणि तापमानावर ठरतं. २५ अंश सेल्सिअसला, एकूण २० मिग्रॅ असताना, सामू ७.५ असेल तर मुक्त अमोनिया सुमारे ०.३५ मिग्रॅ भरतो, पण सामू ८.५ झाला की तोच सुमारे ३ मिग्रॅ होतो. एकच नाला, एकच दिवस. सकाळी मर्यादेत, दुपारी मर्यादेच्या अडीच पट. माशाला दुपार चुकवता येत नाही. दर महिन्याला नाही जमलं, तरी प्रत्येक ऋतूत एकदा चोवीस तास, दर तीन तासांनी नमुना घ्या. मित्र सोबत घ्या, थर्मास न्या.

निर्देशांकातून गळलेली दोन नावं

साच्याचा शेवट पाणी-गुणवत्ता निर्देशांकाने होतो आणि 'मध्यम', 'वाईट' असा शिक्का बसतो. हा निर्देशांक आला कुठून? अमेरिकेच्या नॅशनल सॅनिटेशन फाउंडेशनसाठी १९७० च्या सुमारास तो तयार झाला. त्यात नऊ घटक होते आणि त्यांत नायट्रेट व एकूण फॉस्फेट यांना प्रत्येकी ०.१० वजन होतं. भारतात वापरासाठी तो सुधारताना चारच घटक ठेवले: विरघळलेला ऑक्सिजन ०.३१, मलजन्य कोलिफॉर्म ०.२८, सामू ०.२२ आणि बीओडी ०.१९. बेरीज एक. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अहवालांत हीच वजनं दिसतात.

म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट गळाले. निर्देशांक करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. सगळीकडे नियमित मोजता येतील असे मोजके घटक त्यांना हवे होते. पण तुमच्या प्रबंधाचं शीर्षक 'पोषकद्रव्ये' असेल आणि शेवटचा शिक्का ज्याने मारला त्या सूत्रात पोषकद्रव्येच नसतील, तर व्हायवामध्ये तुम्ही काय सांगणार?

नियमांतही हीच कथा आहे. सांडपाणी प्रक्रिया केंद्रांसाठी नोव्हेंबर २०१५ मध्ये जो मसुदा आला, त्यात अमोनिया आणि एकूण नायट्रोजनला मर्यादा होत्या. ऑक्टोबर २०१७ च्या अंतिम अधिसूचनेत त्या राहिल्या नाहीत. राष्ट्रीय हरित लवादाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात एकूण नायट्रोजन १० आणि, तळी-तलावांत सोडायच्या पाण्यासाठी, एकूण फॉस्फरस १ मिग्रॅ प्रतिलिटर अशा मर्यादा पुन्हा पुढे आणल्या. हा वाद तात्त्विक नाही. बीओडी कमी करणारं साधं केंद्र फॉस्फरस फारसा काढत नाही. त्यासाठी वेगळी टाकी, वेगळं रसायन आणि वेगळा खर्च लागतो. छोट्या नगरपालिकेने तो खर्च करावा का? खालच्या नदीकडे वर्षाला किती फॉस्फरस जातो, हे माहीत असेल तरच उत्तर देता येईल. ती माहिती देऊ शकेल असा अभ्यास तुमचाच असू शकतो. तक्त्यात विसर्ग नसेल, तर नाही देऊ शकणार.

परदेशी माप आपल्याला बसतं का?

आता टीकेची दुसरी बाजू. साचा सोडून नवं काही करू म्हणून तुम्ही आंतरराष्ट्रीय पेपर उघडाल. तिथे 'न्यूट्रियंट स्पायरलिंग' भेटेल. वेबस्टर आणि पॅटन यांनी १९७९ मध्ये ही कल्पना मांडली. ओढ्यात पोषकद्रव्य गोल फिरत नाही, वाहत वाहत फिरतं: पाण्यातून शेवाळात, शेवाळातून परत पाण्यात, पण तोवर थोडं खाली. उचललं जाण्याआधी एक कण सरासरी किती अंतर वाहतो, ते 'अपटेक लेंग्थ'. कल्पना सुंदर आहे आणि उपयोगी आहे. २००८ मध्ये मुलहोलंड आणि सहकाऱ्यांनी ७२ ओढ्यांवरचा अभ्यास 'नेचर'मध्ये छापला. नायट्रेट वाढलं की एकूण विनायट्रीकरण वाढतं, पण कार्यक्षमता घटते, असं त्यांना दिसलं. ओढा काम करतो, पण ओझं वाढलं की तो गटाराच्या पाइपसारखा वागू लागतो.

पण हे माप जसंच्या तसं आणू नका. तो अभ्यास झाला ती जागा अमेरिका आणि पोर्तो रिको. त्यातले ओढे वाहते. 'अर्बन स्ट्रीम सिंड्रोम' ही २००५ मध्ये वॉल्श आणि सहकाऱ्यांच्या लेखाने रूढ झालेली संज्ञासुद्धा असंच धरून चालते की आधी एक निरोगी ओढा होता आणि शहराने तो बिघडवला. आपल्याकडे वर धरण, खाली उन्हाळा. पावसाळा सरल्यावर एस-१ ला पाणीच नसेल, तर तुलना कशाशी करणार? अशा दिवसांत नदीत वाहतं ते गावाने वापरून सोडलेलं पाणीच असतं.

शिवाय त्या मॉडेलमध्ये शेतकऱ्याची मोटर नसते. आपल्याकडे नाल्याचं पाणी उचलून भाजीला किंवा चाऱ्याला देणं नवीन नाही. त्या पाण्यासोबत नायट्रोजन आणि फॉस्फरसही शेतात जातात. नदीच्या हिशेबात ती घट आहे, पण शेवाळाची किंवा जिवाणूंची करामत नव्हे. ते पिकाने घेतलं की जिरून विहिरीत गेलं, हा पुढचा प्रश्न. एस-२ आणि एस-३ च्या मध्ये किती मोटारी आहेत, त्या किती तास चालतात, हे काठावरून चालत जाऊन विचारून लिहून घ्या. या माहितीला कुठलंही उपकरण लागत नाही आणि परदेशी पेपरमध्ये ती मिळणार नाही. तुमचं खरं योगदान कदाचित तिथेच असेल.

मग साचा टाकून द्यायचा?

नाही. या अभ्यासांनी एक मोठं काम केलंय: ज्या छोट्या नद्यांवर कुठल्याही सरकारी खात्याचं केंद्र नाही, तिथले जुने आकडे फक्त त्यांच्यात सापडतात. ते वाचा, वापरा. त्यांना पैसे कमी होते, वेळ कमी होता, प्रवासाला एसटी होती. तुमचीही परिस्थिती फार वेगळी नसेल. म्हणून मी वर जे सुचवलं त्यात महाग असं काहीच नाही.

सिनॉप्सिस लिहिताना पंधराऐवजी सहा-सात घटक घ्या, पण नायट्रोजनची सगळी रूपं आणि एकूण फॉस्फरस त्यात असू द्या. प्रत्येक नमुन्यासोबत विसर्ग आणि क्लोराइड ठेवा. महिन्यांचा ठोकताळा थोडा मोडून पहिल्या पावसाचे दोन-तीन नमुने आणि एक-दोन पूर्ण दिवस-रात्र त्यात बसवा. विहिरी आणि मोटारी मोजा. आणि शीर्षकात 'अभ्यास' लिहिण्याआधी एक प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' किंवा एखादा आकडा असेल. उदाहरणार्थ: 'दोंडाईच्यातून निघालेल्या नायट्रोजनपैकी किती तापीपर्यंत पोहोचतं?'

आरआरसीसमोर कुणी विचारेल, "एवढंच? पॅरामीटर कमी वाटतात." तेव्हा ५२ किलो आणि १,२९६ किलोचं गणित फळ्यावर मांडून दाखवा. ते दोन मिनिटांत होतं, आणि त्यानंतरची चर्चा पॅरामीटरच्या संख्येवर न राहता नदीवर येण्याची शक्यता बरीच वाढते.